पोच घेणाऱ्या अक्का

माझ्या सासूबाईंना बारीक ड्रायव्हर चालत नसे. आम्ही जळगावहून एसटीने धुळ्याला निघालो की पारोळ्याहून त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला: "डायवर कसा शे?" जाड आहे म्हटलं की त्यांना हायसं वाटायचं. बारीक आहे म्हटलं की म्हणायच्या, "मंग उतरी जा. मांगे दुसरी गाडी शे." त्यांच्या मते जाड माणूस स्वतःच्या जिवाला जपतो, बारीक माणसाला कशाचीच पर्वा नसते. माझा नवरा विलास स्वतः गाडी चालवायला लागला तेव्हा मोठीच पंचाईत झाली, कारण विलास म्हणजे काडी. अक्कांनी त्याला दोन महिने दर रविवारी पारोळ्याला बोलावून तुपात बुडवलेली बट्टी खाऊ घातली. त्याचं वजन काही वाढलं नाही. माझं वाढलं.

सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. सासरे गेल्यापासून त्या पारोळ्याच्या घरात एकट्याच राहत. आम्ही जळगावला, धाकटे दीर धुळ्याला. पारोळा बरोबर मध्ये, त्यामुळे दोन्हीकडच्या रस्त्यांची काळजी अक्कांकडे होती. एरंडोलला पोचलीस का, मुकटी गेलं का, फागण्याला गर्दी आहे का, हे त्या घरात बसून विचारत. आमच्याकडे राहायला या म्हटलं की उत्तर तयार असे. "घरले कुलूप लाईसन कोठे येऊ?"

त्यांचा फोन साधा, बटणांचा. परकराच्या नाडीला बांधून तो त्यांनी गळ्यात अडकवलेला असे. वाचता येत नव्हतं, पण कोणतं बटण किती वेळा दाबलं की कोण लागतं हे पक्कं पाठ होतं. विलास खाली तीनदा, मी खाली सातदा. कधी एखादं बटण जास्त दाबलं जाई आणि गॅसवाल्याला विचारलं जाई, "जेवना का रे भाऊ?" तोही बिचारा जेवलो म्हणून सांगे.

मी जळगावला शाळेत शिकवते. सव्वादहाला मी शाळेत पोचले की त्यांचा फोन यायचाच. मी हजेरी घेत असले तरी यायचा. एकच वाक्य. "पोचनी का? मन्हा जीव टांगेल शे." पोचले म्हटलं की फोन बंद. पंधरा वर्षं मी या फोनवर वैतागले. पोरं वर्गात हसायची. एकदा मुख्याध्यापकांसमोर वाजला, तेव्हा तेच म्हणाले, "उचला मॅडम, अक्कांना सांगा पोचल्या म्हणून."

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी तो फोन आला नाही.

साडेदहा झाले. मी फोन लावला, नुसतीच रिंग वाजली. पुन्हा लावला. अकरापर्यंत नऊ वेळा लावला असेल. फळ्यावर काय लिहितेय ते मलाच कळेना. विलासला सांगितलं, तो कामावरून तसाच निघाला, मलाही घेतलं. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. दोघांच्या डोक्यात एकच चित्र होतं आणि ते कोणालाच बोलून दाखवायचं नव्हतं.

पारोळ्याला दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि आत फोन वाजत होता. मीच लावत होते. तो बंद दारामागचा आवाज मला अजून आठवतो.

शेजारच्या सुमनबाई बाहेर आल्या. त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली असे. "सकायमा आठलेच गई," त्या म्हणाल्या. "हातमा पिशवी व्हती. हाक मारी, पण वळीसन पाह्यं नही."

आत सगळं जागच्या जागी होतं. फक्त चुलीजवळ भिजवलेलं पीठ तसंच झाकून ठेवलेलं. अक्का पीठ टाकून कधी उठत नसत. फोन नाडीसकट खुंटीला लटकत होता. विलासने तो काढून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. सकाळी सहापासून एकाच नंबरला सतरा फोन लावलेले होते. "हा कोणाचा?"

तो माझ्या आईचा होता.

माझी आई धुळ्याच्या पुढे, सोनगीरला राहते. तीही एकटीच. पण ती आणि अक्का एकमेकींशी धड बोलत नसत. आमच्या लग्नात वरणात मीठ कमी पडलं होतं, ते अक्कांनी मांडवात सगळ्यांदेखत सांगितलं, तेव्हापासून दोघींचं जे बिनसलं ते बिनसलंच. माझ्यासमोर अक्का तिला 'सोनगीरवाली' म्हणत, आणि आई यांना 'तुझी पारोळ्याची'. मग सतरा फोन कशाला?

मी आईला फोन लावला. तिनेही उचलला नाही. मला आठवलं, मी तिला चार दिवसांत फोन केला नव्हता. परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

पारोळा ते सोनगीर आम्ही कसे गेलो ते सांगता येणार नाही. दार उघडंच होतं. आई कॉटवर होती, पाय उशीवर, आणि अक्का खाली बसून तिच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवत होत्या. पहाटे आई न्हाणीत पडली होती. घोट्याचं हाड मोडलं होतं, उठता येईना, फोन लांब खोलीत. अक्कांनी शेजारपाजारचे गोळा केले, मागच्या दाराने आत शिरल्या आणि डॉक्टरला बोलावलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"रोज सहाले मिस कॉल देस ती माले. आज दिन्हा नही."

"आम्हाला का नाही सांगितलं? फोन तरी बरोबर न्यायचा."

अक्का खाली बघत म्हणाल्या, "घाईमा राही गया. मी एकटी बसमा कधी बठेल नही." मग कापडाची घडी उलटत, "तुले कसाले सांगू? तू नोकरीवाली शे, घाबरी जाती."

मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आईला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं. आई सुटून आल्यावर अक्का सोनगीरला महिनाभर राहिल्या. घराला कुलूप लावून. मी शनिवारी जायचे तेव्हा दोघी भांडत असायच्या, भाजीत तेल किती घालायचं यावर.

अक्का गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. दिवस झाल्यावर मी सोनगीरला गेले होते. आईला विचारलं, "तुमचं दोघींचं पटत नव्हतं ना? मग फोनवर काय बोलायचात?"

"बोलायचो कुठे," आई म्हणाली. "साडेबाराला त्यांचा फोन यायचा. काय रांधलं विचारायच्या. मग त्या फोन ताटाजवळ ठेवायच्या, मीपण ठेवायचे, आणि आम्ही जेवायचो. त्यांची भांडी वाजलेली ऐकू यायची. एकटीला घास जात नाही म्हणायच्या. हे कोणाला सांगू नको असंही म्हणायच्या."

"किती दिवस चाललं हे?"

"तुझे सासरे गेले तेव्हापासून. सहा वर्षं." आईने पदराने चष्मा पुसला. "माझं जेवण तर दहा मिनिटांत व्हायचं. पण त्यांना दात नव्हते ना. म्हणून मीपण हळूहळू जेवायचे."