मंदाकाकूंना न चालणारं दार

मंदाकाकूंच्या घराला कित्येक वर्षं दारच नव्हतं. काका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. कशाबशा चार भिंती उभ्या राहिल्या, वर टिनं पडली आणि दारापर्यंत येता येता पैसा संपला. मग त्या जागी बारदान टांगलं. कुत्रं आत यायचं आणि भाकर घेऊन जायचं. पाऊस तिरपा आला की चूल विझायची. पोरगा प्रशांत बारदानाजवळ बसून अभ्यास करायचा. वाऱ्यानं बारदान तोंडावर आलं की बिचारा पाढा पहिल्यापासून सुरू करायचा. पुढे कुठलीशी जुनी शाळा पाडली, तेव्हा काकांनी तिचं सागवानी दार मिळवलं. ते इतकं रुंद निघालं की ते बसवायला भिंत फोडावी लागली.

आता तुम्हाला वाटेल, एवढ्या नवसाचं दार ही बाई रोज लावून, कडी घालून, हात फिरवून पाहत असेल. छे! लागलेलं दार मंदाकाकूंना चालतच नाही. स्वतःचं नाही आणि दुसऱ्याचंही नाही.

"लावून पाह्यलं ना वो पह्यल्या दिवशी," त्या सांगतात. "मी न् हे, दोघं आत बसलो ऐटीत. दुपार गेली, संध्याकाळ झाली. कोनी आलंच नाई! बारदान होतं तं सारी गल्ली डोकावून जात जाय. मंग उघडलं. तेव्हापासून उघडंच."

"पण काकू, चोर आला तर?"

"येऊ द्या बिचाऱ्याले. चहा पिऊन जाईन तो."

मी वर्ध्याला त्यांच्याकडे खोली घेतली ती जवळच्या देवळीत एका पतसंस्थेत नोकरी लागल्यावर. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते, म्हणून इथंही सांगितलं. तर पहिल्याच रविवारी दुपारी मी दार लावून झोपले. लगेच धाड धाड धाड. उघडलं तर काकू, हातात लसणाची टोपली.

"रेखा, दार काऊन लावलं?"

"झोपले होते काकू."

"दिवसा दार लावनारा मानूस एक तं भांडून बसलेला असते, नाई तं मेलेला. तू कोन हाय?"

तेव्हापासून मी दार उघडं टाकून झोपायला शिकले. पदवीपेक्षा अवघड गेलं ते.

काकू म्हणजे भिंगरी. बोलतात चालताना, चहा पितात उभ्यानं, लसूण सोलतात तो अंगणात येरझारा घालत, त्यामुळे कुणी कुठूनही आलं तरी टरफलांवरून त्यांचा माग लागतो. त्यांना खाली बसलेलं मी एकदाच पाहिलं. ते पुढे येईल.

मी येण्याआधीच काका वारले होते. प्रशांत इंजिनीअर होऊन पुढच्या शिक्षणाला जर्मनीला गेला. मग काकूंनी मागच्या दोन्ही खोल्या भाड्यानं दिल्या. एकीत मी. दुसरीत आली दिलनोझा.

दिलनोझा उझबेकिस्तानची. इथल्या विद्यापीठात हिंदीचं एम.ए. करायला आलेली. तिची हिंदी इतकी शुद्ध, की आमचीच जीभ लाजायची. ऑटोवाल्याला ती 'महोदय' म्हणायची आणि तो मागे वळून पाहायचा, कोण साहेब आले म्हणून. "क्या स्नानगृह रिक्त है?" असं तिनं पहिल्या सकाळी विचारलं, तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "शाप देऊन राह्यली काय वो?"

पुस्तकातली हिंदी घेऊन ती आली आणि वर्ध्यात तिला ती कुठंच सापडेना. वर्गात सर भराभर बोलायचे, कॅन्टीनमध्ये पोरं निराळंच बोलायची, आमची गल्ली तर त्याहून निराळं. तिखटजाळ रस्सा ओतलेल्या तर्री पोह्यांनी तिच्या डोळ्यांत पाणी आणलं. काकूंना वाटलं, पोरीला घरची आठवण आली, म्हणून त्यांनी आणखी तर्री वाढली. बाजारात गेली की लोक फोटो मागायचे, मग लग्न झालं का विचारायचे. ती बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा चहा प्यायची. काकूंच्या हिशेबी तो काढा. "बारा महिने सर्दी कशी राहते एखाद्याले?"

आल्या दिवशी काकूंनी तिला आपला चहा दिला होता. काकूंचा चहा म्हणजे कप काठोकाठ आणि वरून बशीतही तळं. दिलनोझानं त्या कपाकडे पाहिलं. चेहरा पडला. भाजत होता तरी घाईघाईनं प्यायली, छातीवर हात ठेवून वाकली, खोलीत गेली आणि आतून कडी घातली.

"माय! आवडला नाई काय?" काकूंनी दुसऱ्या दिवशी मोठा पेला काढला. ती आणखी भराभर प्यायली. काकू माप वाढवत गेल्या आणि पोरगी वेग.

तिनंही एकदा काकूंना बोलावलं. बिनकानाची सुंदर निळी वाटी, आणि तळाशी जेमतेम दोन घोट. काकू बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "पोट्टी भल्ली चिंगूस हाय. पन जाऊ दे, परदेसात जपूनच राहा लागते."

मग दाराची लढाई सुरू झाली. दिलनोझा विद्यापीठातून यायची आणि दार लावायची. काकू ठोकायच्या. "कांदा हाय काय?" "नळ आला वो!" "सिलिंडरवाला आला!" पोरीकडे गॅसच नव्हता. एकदा तर "सूर्य मावळून राह्यला, पाहून घे" म्हणूनही ठोकलं. दिलनोझा उघडायची, ऐकायची, "धन्यवाद" म्हणायची आणि पुन्हा कडी.

हिवाळ्यात तिची पहिली परीक्षा झाली. गुण फार कमी पडले. शनिवारी सकाळपासून दार लागलेलं. काकूंनी कांदा मागितला, उत्तर नाही. नळ आणला, सिलिंडर आणला, उत्तर नाही. दुपार झाली तशी काकू अंगणात वावटळीसारख्या फिरायला लागल्या.

"रेखा, आतून आवाजच नाई. काई करून तं नाई घेतलं ना पोट्टीनं?"

मी म्हटलं, काकू, अभ्यास करत असेल, डोकं दुखत असेल. पण काकू समोरच्या बाबाराव मिस्त्रीला हाक मारून मोकळ्या झाल्या होत्या. त्या खोलीचं दार काकांनी स्वतःच्या हातानं बसवलेलं, म्हणजे उलटं, बिजागऱ्या बाहेरून. बाबारावनं फार काही केलं नाही. चार खिळे काढले आणि दार कडीसकट उचलून बाजूला ठेवलं.

आत दिलनोझा कानाला हेडफोन लावून आईशी व्हिडिओवर बोलत होती. रडत होती. तिच्या डोळ्यांदेखत दार उभ्याउभ्या निघून गेलं आणि त्या जागी आमची अख्खी गल्ली उभी राहिली. पलीकडे उझबेकिस्तानात तिची आईही ते पाहत होती.

"जिवंत हाय!" काकूंनी जाहीर केलं. गल्ली समाधानानं पांगली. "दार फुगलंच होतं तसंही, घासून आणतो उद्या," म्हणत बाबाराव दार डोक्यावर घेऊन गेला. मिस्त्रीचा उद्या तुम्हाला माहीतच आहे. काकूंनी तिथं एक जुनं लुगडं टांगलं.

संध्याकाळी लुगडं बाजूला करून मी आत गेले तर पलंगावर बॅग उघडी. दिलनोझा कपडे भरत होती. फोनवर विमानाची तिकिटं.

"दारासाठी रागावलीस?" मी विचारलं.

"द्वार की बात नहीं। आंटी पहले दिन से कह रही हैं, चली जाओ।"

"काकू? कधी म्हणाल्या?"

"प्रतिदिन। चाय से।"

मग तिनं सांगितलं. त्यांच्याकडे पाहुण्याला चहा थोडाच ओततात. वाटी रिकामी झाली की पुन्हा थोडा, पुन्हा थोडा. म्हणजे पाहुणा बसून राहावा, पुन्हा पुन्हा मागावा, यजमानानं पुन्हा पुन्हा उठावं. आणि काठोकाठ भरून दिला, तर त्याचा अर्थ, पी आणि निघ.

"और आंटी तो थाली में भी भर देती हैं," ती म्हणाली, म्हणजे बशीत, आणि आणखी एक सदरा बॅगेत कोंबला.

मी अंगणात आले. काकू फिरत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील, गल्लीभर सांगत सुटतील. काकू पायरीवर बसल्या. खरंच बसल्या.

"भरला कप म्हंजे, जाय?"

"हो."

"आन मी पेला काढला मोठा." मग म्हणाल्या, "पशाले फोन लाव."

प्रशांतला व्हिडिओ फोन लावून देणं हे माझंच काम. दर वेळी काकूंचं एक ठरलेलं असायचं. "पशा, फोन जरा सरकव, मागचं दार दिसू दे." तो सरकवायचा. मागे पांढरं, लागलेलं दार. काकू क्षणभर पाहायच्या आणि मग, "जेवला काय?" मी हे त्यांच्या वेडांतच जमा केलं होतं.

फोन लागला. दार लागलेलंच होतं.

"बाजूच्या खोलीतल्या पोट्ट्यानं तुले काई देलतं म्हने मांगं?"

"केक, आई. आल्या आल्या. पाहिजे का म्हणाला, मी नको म्हटलं. त्यानं परत विचारलंच नाही! घेऊन गेला. इथले लोक असेच आहेत, कोरडे."

"मंग?"

"मग काय. तेव्हापासून बोलणं नाही."

"अरे, तू नाई म्हनला, त्याले वाटलं नाई म्हंजे नाईच. आपल्यासारखा आग्रह कोन शिकवन त्याले? जाय, ठोक त्याचं दार."

"आई, असं इथं कोणी—"

"जाय म्हनतो ना! मी हाओ फोनवर."

पोरगा उठला. पांढरं दार उघडलं. वसतिगृहाचा लांबच लांब रिकामा बोळ दिसला, दोन्ही बाजूंना तशीच पांढरी दारं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यानं ठोकलं. काहीच नाही. "अजून ठोक," काकू कुजबुजल्या. एक दाढीवाला उंच पोरगा डोकावला. प्रशांत अडखळत काहीतरी बोलला, आणि काकूंनी फोनमध्ये तोंड घालून वऱ्हाडीत हुकूम सोडला, "बाबू, हा नाई म्हनला तरी देजो!" दाढीवाल्याला काय कळलं देव जाणे. तो हसला, हात हलवला आणि बाजूला सरून त्यानं प्रशांतला आत घेतलं.

फोन बंद झाला. काकू पायरीवरच होत्या.

"ते दार मले इथून ठोकता येत नाई ना वो रेखा," त्या म्हणाल्या. "म्हनून इथलं हे ठोकत होती."

मग उठल्या आणि चहा टाकला. चहा घेऊन लुगड्याआड गेल्या तेव्हा कपात अर्धाच होता. आयुष्यात पहिल्यांदा अर्धा ओतलेला. दिलनोझानं कपात पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. हातातला घडी केलेला सदरा तसाच राहिला. ती प्यायली आणि हळूच कप पुढे केला.

"और।"

काकूंनी पुन्हा अर्धा ओतला. पातेलं संपेपर्यंत हे चाललं. पोटात गेला तो तेवढाच, पेलाभर.

बाबारावनं दार आणलं तेव्हा उन्हाळा लागला होता. दिलनोझा अभ्यासाला ते लावायची आणि अभ्यास संपला की आपणच उघडायची. काकू एकदाच ठोकायच्या आणि थांबायच्या. ते थांबणं पाहण्यासारखं असायचं. उभ्या जागी पाय नाचायचे.

दिलनोझा एम.ए. झाली, चांगल्या गुणांनी, आणि आता आपल्या गावी हिंदी शिकवते. प्रशांतचंही शिक्षण पूर्ण झालं, तिथंच नोकरी लागली. दाढीवाला त्याच्यासोबत एकदा वर्ध्याला येऊन तर्री खाऊन रडून गेला. मी देवळीतच बिऱ्हाड केलं. काकूंच्या मागच्या दोन्ही खोल्या आता रिकाम्या आहेत. दारं सताड उघडी.

परवा वर्ध्याला काम होतं, उभ्याउभ्या काकूंना भेटले. म्हटलं, निघते, बस आहे. काकूंनी चहा आणला.

कप अर्धाच होता. मी पिशवी खाली ठेवली.