या म्हणा नं जी

गोविंदभाऊंना कुठूनही निघायला दोन माणसं लागत. ‘येतो’ म्हणायला ते स्वतः आणि ‘या’ म्हणायला दुसरं कुणीतरी. हे दुसरं माणूस सापडेपर्यंत ते जागचे हलत नसत.

चांद्याच्या जंगलखात्याच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी होती. संध्याकाळी भाऊ काखेत छत्री मारून दारात उभे राहत. “येतो जी.” कुणी मान वर करत नसे. “येतो म्हटलं नं जी. या म्हणा.” वात्रट मंडळी मुद्दाम फायलीत डोकं खुपसून बसत. एकदा सगळ्यांनीच तसं केलं, तर भाऊ परत खुर्चीत येऊन बसले आणि दुसऱ्या दिवशीचं काम काढलं. बहुतेक वेळा मीच म्हणायचो, “या, भाऊ.” त्यात चांगुलपणा नव्हता. घामानं कागद हाताला चिकटत, घरी आजारपण, मी थकलेला. मला फक्त दारातला माणूस हलायला हवा असायचा. असे कितीतरी ‘या’ मी वर न पाहता फेकले. आजही कुणाला निरोप देताना ते टोचतं.

अशा माणसाला बर्फाचा डोंगर चढायचा होता.

एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आली तेव्हापासूनचं हे वेड. कारण विचारलं की म्हणत, “जलमभर चांद्याचा उन्हाळा खाल्ला बाबू. आता मले एकडाव थंडीनं कुडकुडाचं आहे.”

पुढं एक निवृत्त कॅप्टन वाघाच्या शिकारीला आमच्या जंगलात आले आणि त्यांच्या परवान्याचं काम भाऊंकडं आलं. हे कॅप्टन शेर्पा वाटाडे घेऊन हौशी लोकांना हिमालयातल्या एका शिखरावर नेत. शेवटचा टप्पा म्हणजे सरळसोट बर्फाची भिंत. कमरेला दोर आणि बुटाखाली लोखंडी दाते बांधल्याशिवाय तिथं पाऊल ठरत नाही. भाऊंनी विचारलं, “मी येऊ का जी?” वाघ मिळाल्याच्या खुशीत होते कॅप्टन. “पुढच्या वर्षी तयारी करून या,” म्हणाले.

कॅप्टननं ‘या’ म्हटलं होतं. भाऊंच्या लेखी प्रश्न मिटला.

तयारी सुरू झाली ती ऐन मे महिन्यात. लोहाराकडून बैलाच्या जुन्या नालांचे दाते करून घेतले. सरबतवाल्यासाठी नागपूरहून भुशात गुंडाळलेला बर्फ रेल्वेनं येई. त्यातली एक लादी भाऊ घरी आणत, अंगणात भिंतीला टेकवून उभी करत आणि कुऱ्हाडीनं तिच्यात पायऱ्या खोदत. तिसरी पायरी होईस्तोवर पहिली वाहून गेलेली असे.

शेजारच्या बाई कुंपणावरून विचारत, “काऊन जी भाऊ, बरफाले काऊन मारून राह्यले?”

“चढून राह्यलो, बाई.”

“मंग लवकर चढा. नाई त आंघोळच होईन तुमची.”

वर्षभर हेच. गावाभोवतीच्या परकोटाच्या ढासळलेल्या उतारावर चढणं-उतरणं, पाठीवर तांदळाचं पोतं. आम्ही हसत होतो. माणूस मात्र खरोखर काटक झाला. आणि पुढच्या वर्षी रजा टाकून, स्टेशनावर माझ्याकडून ‘या’ घेऊन गेलाही.

परत आले ते नाकाची सालं निघालेली, तोंड तव्यासारखं काळं. कचेरी गोळा झाली. “चढले का भाऊ?”

“नाई.”

“दम लागला?”

“दम होता जी.”

हळूहळू कळलं ते असं. खालच्या तळावर पासांग नावाच्या शेर्पाशी भाऊंची गट्टी जमली. तंबूत बसून भाऊंनी त्याला मराठी शिकवली: येतो म्हणजे ‘आता हूँ’. मग सराव सुरू झाला. बर्फाच्या एका कड्यावर पासांग वर दोर धरून उभा आणि भाऊंनी कड्यावरून खाली उतरायचं. कॅप्टनचा नियम होता की उतरणाऱ्यानं ‘जाता हूँ’ असं ओरडायचं, मग वरच्यानं दोर सोडायचा; ‘आता हूँ’ ऐकलं की वर ओढायचा. भाऊ कडेला गेले आणि सवयीनं ओरडले, “येतो!” पासांगनं शिकल्याप्रमाणे दोर वर ओढला.

“मी खाली उतरून राह्यलो, तो वर ओढून राह्यला,” भाऊ म्हणाले. “मधात लटकलो जी, विहिरीतल्या बालटीवानी.”

कॅप्टननं समजावलं, मग दटावलं. पुन्हा उभं केलं. भाऊंच्या तोंडून पुन्हा ‘येतो’च आलं. शेवटी कॅप्टन म्हणाले, ठरलेला शब्द जो म्हणत नाही त्याच्या दोरावर मी दुसऱ्याचा जीव टांगणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. भाऊ तळावर राहिले.

“एका शब्दापायी शिखर घालवलं!” कचेरीत महिनाभर हाच विनोद. भाऊ छत्री घेऊन दारात उभे राहत आणि मंडळी म्हणत, “जातो म्हणा, मगच सोडतो.”

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. एकटा माणूस, एक खाट, एक चूल. चहा घेताना विचारलं, “भाऊ, म्हणून टाकायचं होतं. काय गेलं असतं?”

भाऊंनी चहा बशीत ओतला.

“आमची सगुणा राजुऱ्याले माहेरी निघाली होती. आमचं काहीतरी वाजलं होतं, भाजीवरून. ‘जातो मंग मी’ म्हणे. मी म्हटलं, ‘जा’.” त्यांनी बशी खाली ठेवली. “तिथीच तापानं गेली. तवापासून तो शबद तोंडात येत नाई बाबू. लई जोर लावला त्या कड्यावर. आलाच नाई.”

मग चेहरा एकदम उजळून म्हणाले, “पन एक झालं. शिखरावर जाचं त्या पहाटे सगळे दोर बांधून निघाले. मी तंबूच्या दारात. पासांग चार पावलं गेला, वापस फिरला आणि म्हणे, ‘येतो, भाऊ.’ मराठीत! माह्या घरातून कोनी निघतच नाई, त मले येतो कोन म्हनन? मी म्हटलं, ‘या.’ दिवसभर चहाचं आधण ठेवून बसलो. सांजेले आले जी सगळे. एकूनएक.”

त्यांनी माझी रिकामी कपबशी उचलली.

मी उठलो. एरवी ‘बरं, निघतो’ म्हणून चालू पडायची माझी सवय. उंबऱ्याशी थांबलो.

“येतो, भाऊ.”

हातातली कपबशी तशीच धरून ते दारापर्यंत आले.

“या,” म्हणाले.

गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. ते अजून दारात उभे होते.