विद्यापीठाचे मनोबल

महामारीमुळे विद्यापीठ बंद झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या मनावर परिणाम होण्याची दाट शक्यता आहे, हे कुलगुरूंच्या लक्षात आले. परिणाम झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच समिती नेमलेली बरी, म्हणून त्यांनी मनोबल संवर्धन समिती नेमली. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या वाट्याच्या विद्यार्थ्यांना नियमित फोन करून आपुलकीने विचारपूस करावी, असे समितीने ठरवले. आपुलकी सक्तीची होती.

प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांच्या वाट्याला आलेली मुलगी वसतिगृहात जवळजवळ एकटीच उरली होती. बाकीच्या मुली गाड्या बंद होण्यापूर्वी घरी पळाल्या. ही प्रयोगशाळेतल्या माशांची सोय लावेपर्यंत थांबली आणि अडकली. घरी तिला धाकटी म्हणत. जात्याच अबोल. समोरचा बोलू लागला की मधूनमधून 'हं' म्हणायचे, एवढेच तिचे संभाषणकौशल्य.

सरांनी पहिल्या फोनवर "कशी आहेस, बाळ?" असे विचारले. उत्तर देण्यासाठी ती श्वास घेत होती, तेवढ्या उसंतीत सर स्वतः कसे आहेत ते सांगू लागले. बायको भांडी घासायला लावते. मुलगा दार लावून बसतो, जेवायला हाक मारली तर आतून मेसेज पाठवतो. ऑनलाइन वर्गात सगळ्यांचे कॅमेरे बंद. भिंतीला शिकवल्यासारखे वाटते, आणि भिंत निदान दिसते तरी. धाकटी 'हं' म्हणत राहिली. फोन ठेवताना सरांना पिसासारखे हलके वाटत होते.

"फार गुणी मुलगी," त्यांनी ग्रंथपालबाईंच्या कानावर घातले. "मध्ये बोलत नाही."

ग्रंथपालबाईंना सासूबाईंविषयी बोलायचे होते, त्या धाकटीशी बोलल्या. मग वसतिगृहाच्या अधीक्षिका. त्या खालच्याच मजल्यावर राहत, तरी फोनच करत, कारण समोरासमोर रडणे पदाला शोभत नव्हते. मग कुलसचिव. शेवटी खुद्द कुलगुरू. सर्वांना धीर देऊन देऊन त्यांचा स्वतःचा साठा संपला होता. धाकटी एका हाताने जेवू लागली, दुसऱ्यात फोन असे.

समितीने आढावा घेतला. सुरुवातीला विचारपुशीचे फोन मिनिटभरात आटपत. आता तास तास चालत होते. त्यावरून विद्यार्थी मन मोकळे करू लागले आहेत, असा निष्कर्ष काढून समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मंजूर केला.

याच सुमारास धाकटीच्या वडिलांना इस्पितळात हलवले. आईलाही त्यांच्याजवळ जाऊ देत नव्हते. धाकटीने सरांना सांगायचा प्रयत्न केला. "सर, आमच्या बाबांना..." एवढे ती म्हणाली, तोच सरांना स्वतःचे वडील आठवले. ते म्हणे सकाळपासून फिरायला सोडा म्हणून दारात चपला घालून उभे होते. हा विषय पुरा होईपर्यंत धाकटीचा विषय राहून गेला.

आठवडा संपायच्या आत थोरल्या भावाचा फोन आला. बाबा गेले. सगळे परस्पर उरकले, तू निघू नकोस, येऊ देणारही नाहीत, असे त्याने सांगितले. धाकटी खाटेच्या कडेवर बसून राहिली. समोरच्या खाटेवर मैत्रिणीची गादी गुंडाळून ठेवलेली होती. तिने आईला फोन लावला. आई रडत होती, म्हणून तिने ऐकून घेतले. मग तिने विद्यापीठाच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवला.

त्या दिवशी हेल्पलाइनवर समुपदेशक म्हणून विभागप्रमुखांचीच पाळी होती.

"अगं, तू होय? बरं झालं फोन केलास. मीच करणार होतो."

"सर, माझे वडील गेले."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"असं एकदम सांगतात का गं?" सर म्हणाले. "छातीत धडधडायला लागलं माझ्या."

धाकटीने त्यांना पाणी प्यायला सांगितले. पाठ टेकून बसायला सांगितले. श्वास हळूहळू सोडायला सांगितला. धडधड थांबेपर्यंत ती फोनवर होती.

समितीने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. विद्यार्थ्यांनी दुःखद बाबी पूर्वसूचनेशिवाय सांगू नयेत, समुपदेशकांनाही मन असते याचे भान ठेवावे, असे परिपत्रक निघाले. महामारी ओसरल्यावर मात्र विद्यापीठाने मोठ्या मनाने झाले गेले विसरून धाकटीचा सत्कार केला. एवढ्या संकटात हिच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द आला नाही, असे कुलगुरूंनी भाषणात सांगितले. आणि ते खरेच होते; शब्द यायला जागा कुणी सोडली होती?

धाकटी आता नोकरी करते. कधीमधी कुणाला ही हकीकत सांगायला घेते. ऐकणारे मनापासून हळहळतात, पण शेवटपर्यंत कुणी पोचलेले नाही. गोष्ट वडिलांपाशी आली की समोरचा उसासा टाकतो आणि म्हणतो, "तुझं खरं आहे गं, पण आमच्याकडे काय झालं, माहितीये?"

तुमच्याही ओठांवर मघापासून काहीतरी येऊन थांबलेच आहे. सांगून टाका. तिला सवय आहे.