रफार गळालेली मात्रा

बाबांना लशीचा बूस्टर द्यावा आणि देण्यापूर्वी त्याविषयी खरे तेवढेच सांगावे, असा निर्णय मी घेतला. निर्णयाचा पहिला भाग सोपा होता; दुसऱ्याने घोळ घातला. (मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. धीर देण्याचे प्रशिक्षण आम्हाला नसते.)

"म्हणजे लागण होणार नाही?" बाबांनी विचारले.

"होऊ शकते. पण तुमच्या वयात आजार गंभीर होण्याचा, दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचा धोका बराच कमी होतो. काही महिन्यांनी हेही संरक्षण ओसरू लागतं."

"एकूण, हमी नाही."

"हमी नसते, बाबा. शक्यता असते."

"तुझी आई असती तर 'उठा, चला' म्हणाली असती. विषय संपला."

आई गेल्या हिवाळ्यात याच आजाराने गेली. तिचा बूस्टर राहून गेला होता. घेतला असता तर ती वाचली असती, असे मी म्हणणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. (वर्गात हे वाक्य मला सहज म्हणता येते.)

शेवटी मीच 'उठा, चला' म्हटले. बाबा निमूट निघाले आणि लसीकरण केंद्राच्या दारात थबकले. बाबांनी उभा जन्म प्रुफे तपासली. आई मूळ मजकूर मोठ्याने वाचायची; ते छापलेल्यातल्या चुका काढायचे.

"वाच," त्यांनी फलकाकडे बोट केले.

"ज्येष्ठांसाठी वर्धक मात्रा."

"मनातलं वाचलंस. छापलेलं वाच."

रफार गळाला होता. फलकावर 'वधक मात्रा' होते.

"वधक म्हणजे ठार मारणारी," बाबा रांगेतल्या आजींना समजावू लागले, "आणि तीही खास ज्येष्ठांसाठी!"

आजींनी पिशवी उचलली. प्रसंग ओळखून मी स्टुलावर चढले आणि पेन काढले. सिस्टर धावत आल्या.

"ओ मॅडम, बोर्डाला काय करताय?"

"रफार देते आहे."

"इथे फक्त बूस्टर देतात! ते तुमचं दुसरीकडे द्या!"

आजी परत बसल्या. बाबा मात्र हलेनात.

"आता काय चुकलंय?"

"काही नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "गंभीर आजार टळेल म्हणतेस. टळून मी करू काय? घरात मोठ्याने वाचणारं कोणी उरलं नाही."

मी पेनाला टोपण लावले.

"माझ्या ग्रंथाची प्रुफं आली आहेत," मी स्टुलावरूनच म्हणाले. "सातशे पानं. मी वाचेन."

"तू तपासलीस?"

"दोनदा."

"म्हणजे दोनदा मनातलं वाचलंस." त्यांनी बाही वर केली. "सिस्टर, द्या तुमची वधक मात्रा."

संध्याकाळी मी आईच्या खुर्चीत बसले. बाबांपुढे पहिले पान ठेवले : अर्पणपत्रिका. तिच्यात एकच शब्द होता.

"आईस," मी वाचले.

बाबा बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. त्यांना भरून आले असावे, असे मला वाटले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि लाल पेन उचलले.

"ऱ्हस्व छापलंय," ते हळूच म्हणाले.

मी वाकून पाहिले. 'आइस'. आईसाठी लिहिलेला सातशे पानांचा ग्रंथ, दोनदा काटेकोरपणे तपासून, मी बर्फाला अर्पण केला होता.