सात ओळींचे मदतपान

फुकट काम करणारी माणसे जगात पुष्कळ सापडतात. केलेले काम दुसऱ्याला फुकट समजावून सांगणारी फारशी सापडत नाहीत. आमची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याला ताळ्यावर ठेवणारी प्रणाली, एकशे साठ स्वयंसेवकांनी अकरा वर्षे खपून तयार केली. ती उत्तम चालते. ती कशी चालते हे फक्त त्या एकशे साठ जणांना ठाऊक आहे, आणि त्यांचेही एकमत नाही.

ही उणीव दूर करण्यासाठी, म्हणजे सिस्टीम कशी वापरावी हे सांगणारी पाने लिहिण्यासाठी, मदतपान समिती स्थापन झाली. मी तिचा सचिव. अध्यक्ष मूळपुरुष. (सिस्टीमच्या पहिल्या ओळी त्यांनी लिहिल्या म्हणून सगळे त्यांना मूळपुरुष म्हणतात. घरी त्यांना काय म्हणतात, हे विचारायची कोणाची छाती नाही.) बैठका दर रविवारी सकाळी एका टायपिंग क्लासच्या खोलीत भरतात. खुर्च्यांना उजव्या हाताशी लिहायची फळी आहे, त्यामुळे डावखुरे सभासद टिपणे घेत नाहीत आणि पुढच्या बैठकीत तेच सर्वांत ठामपणे बोलतात.

समितीने प्रथम असलेल्या पानांची मोजदाद केली. एकूण मदतपाने १,२१४. त्यांपैकी ३०२ पाने मदतपान कसे लिहावे याविषयी. २११ पानांवर ‘या पानाचे काम चालू आहे’ एवढेच. ९६ पाने दुसऱ्या पानाकडे पाठवणारी, आणि ती दुसरी पाने पुन्हा पहिल्याकडे. प्रिंटरविषयी ४१ पाने निघाली. अडतीस पानांतला प्रिंटर आता कोणी बनवत नाही, दोन पानांत कागदाचे महत्त्व विशद केले होते, आणि एक पान खुद्द मूळपुरुषांचे होते. त्यात एकच वाक्य होते : ‘प्रिंटर आपोआप चालतो.’

असे सगळे सुरळीत चालले असताना एका कंपाउंडरचे पत्र आले.

‘आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तुमची सिस्टीम आहे. औषधाची चिठ्ठी छापली की खालच्या दोन ओळी येत नाहीत. गोळी किती वेळा घ्यायची आणि जेवणाआधी की नंतर, ते त्याच दोन ओळींत असतं. मी हातानं लिहून देतो. पण परवा गर्दीत एक आजोबा तसेच गेले आणि एकदाची गोळी तीनदा घेतली. चक्कर येऊन पडले. आता बरे आहेत. मी मात्र बरा नाही, प्रत्येक चिठ्ठी देताना तीनदा तपासतो. कृपया मदत करावी.’

समितीने पत्राची गंभीर दखल घेतली. पत्रात सिस्टीमची आवृत्ती नमूद केलेली नव्हती. शिवाय याचे उत्तर लिहायचे तर ते ‘प्राथमिक’ विभागात जाईल, ‘मूलभूत’मध्ये, ‘प्रारंभिक’मध्ये की ‘सुरुवात’मध्ये, असा तात्त्विक प्रश्न उभा राहिला. त्यावर पाच रविवार चर्चा झाली. सहाव्या रविवारी ‘संकीर्ण’ नावाचा पाचवा विभाग उघडण्यात आला आणि सर्वांना हलके वाटले.

याच सुमारास ग्रंथपाल बाई समितीत आल्या. एकतीस वर्षे सार्वजनिक वाचनालयात काढून निवृत्त झालेल्या बाई वर्गीकरणात आमच्याही चार पावले पुढे असतील, अशी आमची रास्त अपेक्षा होती. पहिल्याच बैठकीत त्यांनी पर्समधून चष्मा काढला, विभागांची यादी वाचली आणि विचारले, “पण लोकांना नडतं काय?”

सगळ्यांनी विषयपत्रिका उलटसुलट करून पाहिली. असा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

“नाही, वाचनालयात माणूस आला की आम्ही आधी त्याला विचारायचो,” बाई म्हणाल्या. “कपाटं नंतर.”

मूळपुरुष समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, लोकांना विचारलं तर लोक सांगत बसतात.”

बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परस्पर कंपाउंडरला फोन केला. (वापरकर्त्याशी बोलण्याची तरतूद नियमावलीत नाही. बंदीही नाही, कारण असे कोणी करील हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते.) तेवढ्यावर न थांबता त्या बसने दवाखान्यात गेल्या, नंबर लावून पेशंटांच्या बाकावर बसल्या, आणि पाळी आल्यावर म्हणाल्या, “मला काही झालेलं नाही. प्रिंटर दाखवा.”

कंपाउंडर आधी बावरला, मग त्याचा बांध फुटला. आपण किती चिठ्ठ्या हाताने लिहिल्या, डॉक्टर कसे चिडतात, ते आजोबा भेटले की अजून कसे तोंड लपवावेसे वाटते, सगळे त्याने सांगितले. बाईंनी ते ऐकून घेतले आणि एकीकडे चिठ्ठीचा कागद पट्टीने मोजला. चिठ्ठी होती आखूड. सिस्टीम मात्र तिला पूर्ण पान समजून चालली होती. मापाचा आकडा एका जागी बदलायचा, एवढेच काम होते. तो आकडा कुठे दडला आहे ते शोधायला दोघांना तीन तास लागले. शेवटची चिठ्ठी पूर्ण छापून आली तेव्हा कंपाउंडरने ती मोठ्याने वाचून दाखवली : “दिवसातून एकदा, जेवणानंतर.” बाकावरच्या दोन पेशंटांनी उगाचच माना हलवल्या.

घरी येऊन बाईंनी सात ओळींचे पान लिहिले आणि आपल्या नणंदेला संगणकापुढे बसवले. नणंदेने त्याआधी संगणक फक्त पुसला होता.

“वन्सं, हे वाचा आणि तसं करा. मी तोंडातून शब्द काढणार नाही.”

तिसऱ्या ओळीला नणंदबाई अडल्या. “‘योग्य तो आकार निवडा’ म्हणे! योग्य कुठला ते मला ठाऊक असतं तर तुझं पान कशाला वाचलं असतं गं?”

बाईंनी ती ओळ खोडली. असे नऊ वेळा झाले. दहाव्या वेळी नणंदबाईंनी एकटीने चिठ्ठी छापली आणि ती देवाच्या फोटोमागे ठेवू का, असे विचारले.

हे पान समितीपुढे परीक्षणासाठी आले. परीक्षण चौदा आठवडे चालले. प्रमुख आक्षेप असे : पान फार लहान आहे. पान पहिल्या वाचनात समजते, त्यामुळे ते जाणकाराने लिहिले आहे असे वाटत नाही. चाचणी एकाच व्यक्तीवर घेतली असून ती व्यक्ती लेखिकेच्या नात्यात आहे. (नणंद भावजयीची बाजू घेईल हा धोका कितपत खरा, यावर दोन विवाहित सभासदांनी वेगळे मत नोंदवले.) शिवाय ‘प्रिंटर आपोआप चालतो’ या अधिकृत पानाशी ते विसंगत आहे.

मधल्या काळात कंपाउंडरने सात ओळी भिंतीवर चिकटवल्या होत्या. त्या पाहून शेजारच्या औषध दुकानाने झेरॉक्स नेली, तिथून पलीकडच्या दवाखान्याने. झेरॉक्सची संख्या समितीकडे नाही, कारण कोणी परवानगी मागितली नाही.

अखेर वार्षिक सभेत पान काढून टाकण्याचा ठराव ठेवण्यात आला. समितीच्या आखूड लेटरहेडवर मूळपुरुषांनी तो जातीने छापला आणि उभे राहून वाचू लागले. “...सबब ही सभा असे ठरवते की...” इथे कागद संपला. त्यांनी पुन्हा छापला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी प्रिंटरला हलकेच थोपटले.

पाच मिनिटांनी ते बाईंच्या खुर्चीशी आले आणि खाली वाकून म्हणाले, “बाई, ते तुमचं पान... आहे का जवळ?”

बाईंनी पर्समधून घडी काढून दिली. मूळपुरुषांनी ओठ हलवत एकेक ओळ वाचली, एकेक ओळ केली. ठराव शेवटच्या पूर्णविरामापर्यंत छापून आला. तो वाचण्यात आला आणि एका विरुद्ध अठरा मतांनी मंजूर झाला.

“छान आलीये हो प्रिंट,” बाई म्हणाल्या. घडी परत पर्समध्ये ठेवून त्यांनी चष्मा पुसला. थोडा जास्तच वेळ पुसला. मग निघाल्या. हल्ली त्या दर बुधवारी त्या दवाखान्याच्या बाकावर बसतात आणि ज्याला जे अडते ते समजावून सांगतात. तिथे गर्दी असते असे कळते.

समिती लोकशाही मानते. म्हणून आम्ही सिस्टीमच्या प्रत्येक वापरकर्त्यापुढे सविस्तर सूचना ठेवली : पान काढले आहे, हरकत असल्यास कळवावे. सूचना चाळीस ओळींची असून खाली ‘मी सर्व मजकूर वाचला आहे व तो मला मान्य आहे’ असा चौकोन होता. १९,३०६ जणांनी त्यावर खूण केली. प्रत्येकी सरासरी वेळ दीड सेकंद. हरकती शून्य.

एकोणचाळिसाव्या ओळीत असे म्हटले होते की, हा मजकूर न वाचता मान्य करणाऱ्या व्यक्तीस मदतपान समितीची आजीव सभासद समजण्यात येईल. तसल्या चौकोनात आपणही आजवर पुष्कळ खुणा केल्या असतीलच. त्यांतली आमची कुठली, हे आपल्याला आठवणार नाही, आणि आम्हीही ते विचारणार नाही. रविवारी दहाला या. वर्गीकरणाचा विषय आहे.