शेठ जेवले का?

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आमच्या राहनाळच्या तात्यांवर उपाशी राहायची पाळी आली ती माझ्यामुळे.

तात्या माझे घरमालक. बेडूक जेवल्याशिवाय ते पानावर बसत नसत. बेडकाचं नाव शेठ, कारण गादीवरच्या व्यापाऱ्यासारखा तो पोट पुढे काढून बसतो. तात्यांच्या भातखाचरात गोडाऊनसाठी भराव पडला, तेव्हा त्यांनी त्याला चिखलातून उचललं आणि ओट्यावरच्या जुन्या घंगाळात ठेवलं. संध्याकाळी दोन बोटांत जिवंत झुरळ धरून विचारायचं, "शेठ, घेता ना?" जीभ लपकन बाहेर आली की तात्या आत तोंड करून ओरडत, "वाढा!" आत वाढणारं कोणी नव्हतं. स्वतःच ओरडायचे, स्वतःच उठून वाढून घ्यायचे.

"जेवलास का?" हाच त्यांचा रामराम. दुपारभर गोडाऊनच्या गेटवर बसून ट्रकवाल्यांनाही तेच, "खाना खाया क्या?"

माझी नाइट ड्युटी. दुपारी तात्या गेटवर, मी ओट्यावर. एकदा गंमत म्हणून मी झुरळ पुढे केलं, शेठनं घेतलं. दुसऱ्या दिवशी माझी चाहूल लागताच तो वळून बसला. माझी वाट बघणारं असं कितीतरी वर्षांत कोणी नव्हतं. मग रोजच देऊ लागलो, तेही पोटभर.

आणि संध्याकाळी शेठनं तात्यांच्या झुरळाकडे पाठ फिरवली.

तात्या हबकले. मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. अख्खी आळी खोकली, शेठ ढिम्म. घंगाळ घेऊन शेळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, "तात्या, बकरी असेल तर आणा."

"बकरीला जीव हाय, ह्याला न्हाय?"

मग तात्यांचंच जेवण सुटलं. नुसत्या चहावर राहू लागले. मी म्हटलं, "तात्या, दोन घास तरी खा."

"तो उपाशी हाय भाऊ. माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

उद्यापासून बंद, असं मी रोज ठरवायचो. दुपारी तो वळून बसायचा आणि माझा हात पुढे व्हायचा.

एका संध्याकाळी तात्या घंगाळ घेऊन माझ्या दारात आले. ते खाली ठेवून तिथंच टेकले.

"भाऊ, माझ्या हातचं नको झालंय त्याला. तुमच्या हातचं खातो का बघा."

मी झुरळ धरलं. शेठला हात ओळखीचा. लपकन गिळलं. आता पकडलो गेलो, असं वाटलं. पण तात्या खुदकन हसले, उपरण्यानं डोळे पुसले.

"खाल्लं रं! म्हंजे दुखणं न्हाय." घंगाळ त्यांनी माझ्या उंबऱ्याशी सरकवलं. "ऱ्हाऊ दे इथंच. कुणाच्या का हातचं असंना, पोटात गेलं म्हंजे झालं."

थोड्या वेळानं त्यांच्या घरातून आवाज आला, "वाढा!"

आता रोज संध्याकाळी ते अंगणातूनच विचारतात, "शेठ जेवले का?" मी म्हणतो, "जेवले." मग ते जेवायला जातात.

तात्यांचा बेडूक मी तात्यांना देणं लागतो. आणि तो उपाशी कधीच नव्हता, हे एक वाक्यही.