कदम सर आणि एकच मुंगी

कदम सरांच्या स्वयंपाकघरात मुंगी दिसली, की सगळे डबे अंगणात येतात. मुंग्या नव्हे, मुंगी. "आज एक हाय, परवा पलटण व्हईल," म्हणत सर फडताळ पुसत बसतात. प्रयोगशाळेत कुणी एकदा शिंकलं तरी त्याला घरी पिटाळतात. आम्ही परभणीत जनावरांच्या आजारांवर काम करतो, आणि सुट्टी हवी असली की शिंकतो.

या वेडाचं मूळ उंदरांत आहे. सर काही उंदरांना थोडे जंतू टोचतात, काहींना भरमसाट. मग सगळ्यांना औषध तेच, डोसही तोच. थोडे जंतूवाले दुसऱ्या दिवशी खुशाल दाणे कुरतडत असतात. भरमसाटवाले केस फुलवून कोपऱ्यात आकसलेले. त्यांच्या पिंजऱ्यापुढं सर हळहळतात, "बाबांनो, औषध वाईट न्हाई. गर्दीच लय झाली."

अशा माणसाचं सख्ख्या भावाशी मात्र बोलणं बंद होतं. लेकीच्या लग्नात उंदरांच्या डोसची वेळ झाली म्हणून सर फेट्यासकट प्रयोगशाळेत धावले. इकडे मांडवात आहेर उरकले आणि मानवतच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, टॉवेल-टोपी द्यायची राहून गेली. दादा तडक निघून गेले. त्याच दिवशी 'चुकलो' म्हटलं असतं तर भागलं असतं. सरांना वाटलं, राग आपोआप निवेल. नातेवाइकांनी तो चांगला पोसला. पुढं सरांनी फोनवर कितीदा तरी माफी मागितली, पण दादा आवाज ओळखला की फोन ठेवायचे.

सरांची बायको आधीच वारलेली, लेक सासरी. संध्याकाळी कुलूप लावताना सर रेंगाळायचे. दादांनी खांद्यावर बसवून मानवतचा बाजार कसा दाखवला, ते पुन्हा पुन्हा सांगायचे. ऐकताना माझा जीव तुटायचा.

शेवटी मी वैतागून म्हणालो, "सर, फोनचा डोस पुरत नाही. मोठा द्या."

"मोठा म्हंजे?"

"स्वतः जा."

रविवारी मीच त्यांना मोटारसायकलवर मानवतला नेलं. दादा ओसरीवर बसले होते. सरांनी टॉवेल-टोपी पुढं ठेवली, पाया पडले. दादांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "पाव्हणं, इचारा ह्याला, नीट जेवायलाय का न्हाई. लय वाळलाय."

मी वळलो. एका शिंकेवर माणूस घरी पिटाळणारे सर टॉवेलची घडी पुन्हा नीट करत होते. म्हणाले, "एकट्याला गोड लागत न्हाई, दादा."